मुका केलेला भोंगा

चहाचा दुसरा पेला समोर आला तेव्हा फुमिएच्या लक्षात आलं की आपली इतक्यात सुटका नाही. ती तागावा आजींकडे आली होती माफी मागायला. मिठाईचा खोका पुढे करायचा, ‘आमच्या कामाचा फार त्रास होतोय ना’ म्हणत कमरेत वाकायचं आणि निघायचं, एवढाच बेत होता. पण आजींनी तिला चटईवर बसवलं, मुळ्याचं लोणचं पुढे सरकवलं, आणि गुडघे मोडून बसल्या बसल्या फुमिएच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या.

पायांचं सोडा, तिचा सगळा जीव कुंपणापलीकडे अडकला होता. तिथे इसुरुगी बांधकाम कंपनीचं, म्हणजे तिचंच, गटाराचं काम चालू होतं. वडिलांच्या मागे कंपनी तिच्या गळ्यात पडली होती. एक पोकलेन, एक ट्रक आणि मूठभर माणसं, असा सगळा पसारा. पोकलेन याची चालवत होता आणि खाली चरापाशी पातळी बघायला काम्पेईकाका होते. या काकांनी फुमिएला दप्तर पाठीला लावून शाळेत जाताना पाहिलं होतं, आणि आता मालकीणबाई म्हणताना ते मुद्दाम घसा खाकरायचे.

पोकलेन मागे सरकू लागली की तिच्या पाठीवरचा भोंगा आपोआप ओरडायचा. मागच्या आठवड्यात तागावा आजी फाटकापाशी आल्या, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “आणखी किती दिवस चालणार हो हे?” बस्स! या गावात कुणी इतक्या गोड आवाजात असं विचारलं की समजायचं, तक्रार आली. त्यातून आजींच्या घरात आजारी माणूस. वरच्या बड्या ठेकेदाराच्या कानावर हे गेलं असतं तर पुढची कामं दुसऱ्याच्या घशात गेली असती. फुमिएने त्याच दुपारी याचीला भोंग्याची तार काढायला सांगितली.

“मालकीणबाई, ओरडणं हेच तर त्याचं काम आहे,” याची कुरकुरला होता.

“आणि लोकांच्या हातापाया पडणं हे माझं! मागे झेंडेवाला उभा करते, मग तर झालं?”

“झेंडेवालाच बरा,” काम्पेईकाका म्हणाले होते. “भोंग्याकडे सिगरेट मागता येत नाही.”

रोज सकाळी सगळ्यांनी गोल उभं राहायचं, पोकलेनच्या एकेका भागाकडे बोट रोखायचं आणि खच्चून ‘ठीक!’ म्हणायचं, हा तिथला शिरस्ता. तार काढली तरी ‘भोंगा?’ ‘ठीक!’ हे चालूच राहिलं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज तर पुकारा फुमिएनेच केला होता, आणि सगळ्यात खणखणीत ‘ठीक’ही तिचंच होतं. तोंडाला सवय लागली की डोळे मिटले तरी चालतात, त्यातली गत.

त्यानंतर पाइप कमी पडले म्हणून तिनेच झेंडेवाल्याला ट्रक देऊन गोदामात पिटाळलं. आता जाऊन येतो म्हणाला होता. अजून त्या ट्रकचा पत्ता नव्हता.

“निघते मी, आजी. खूपच वेळ घेतला तुमचा.”

“अहो, चहा तरी संपवा! आमच्याकडे येतंय कोण हल्ली?”

भरला पेला टाकून उठणं म्हणजे माफी मागायला येऊन नवा अपमान करून जाणं. फुमिए परत टेकली. तिने बाहीआड फोन धरून याचीला लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. इंजिनाच्या घरघरीत त्याला डोंबल ऐकू जाणार! थांब जरा, थांब रे बाबा, असं ती मनातल्या मनात घोकू लागली. आजी मात्र निवांत होत्या.

“एक विचारू का, इसुरुगीबाई? रागावू नका हं. तुमचा तो भोंगा बंद का पडला?”

“तुम्हाला त्रास होत होता ना... म्हणून बंद केला आम्ही.”

“अगं बाई! त्रास कसला? हे जन्मभर बंदरावर क्रेन चालवत होते. अंथरुणाला खिळल्यापासून तेवढीच करमणूक होती. भोंगा वाजला की म्हणायचे, चला, मागचा माणूस बाजूला झाला. आणखी किती दिवस चालणार म्हणून मी त्यासाठीच तर विचारायला आले होते. आता बंद झाल्यापासून यांचा डोळ्याला डोळा लागत नाही.”

तेवढ्यात कागदी दाराआडून म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला, “मागे सरकतेय. मागे कोण आहे?”

ती उठली. पाय बधिर झाले होते, उंबऱ्याशीच कोलमडली. चपला तिथेच राहिल्या. “याची! थांब! थांब!” असं ओरडत ती मोज्यांवरच चिखलातून धावली. तिच्या ओरडण्यावर दुसरं एक ओरडणं आलं, आणि मग पोकलेन थांबली.

काम्पेईकाका पातळीच्या काठीवर डोळा लावून, मशीनकडे पाठ करून उभे होते, तसेच आडवे पडले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत पोकलेनच्या लोखंडी पट्ट्याखाली गेला होता. फुमिएने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. चेहरा राखेसारखा झाला होता, तरी ओठ हलत होते. “माफ करा, मालकीणबाई. माझंच लक्ष नव्हतं.” या वेळी त्यांनी घसा खाकरला नाही.

रुग्णवाहिका गेली आणि कामगार कार्यालयाचा अधिकारी आला. भोंग्याची सुटी तार बोटांत धरून त्याने विचारलं, “ही कुणी काढली?”

“मी,” याची म्हणाला. “माझं डोकं दुखायचं आवाजाने.”

बड्या ठेकेदाराचा माणूस फुमिएच्या कानाशी पुटपुटला, “ऐकलंत ना? तुम्ही आता गप्प बसा.” गप्प बसणं किती सोपं होतं! याची खाली मान घालून उभा होता. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

“खोटं बोलतोय तो,” ती म्हणाली. “तार मी काढायला लावली. झेंडेवाल्यालाही मीच हलवलं. मालक मी आहे.”

“अहो, काय करताय?” याची तिच्यावरच खेकसला. “कंपनीला टाळं लागलं तर आम्ही जायचं कुठे?” अधिकारी लिहीत राहिला.

दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर काम्पेईकाकांची बायको सेत्सू उभी होती. फुमिए दिसताच ती कमरेतून पार खाली वाकली. “आमच्या माणसाच्या वेंधळेपणामुळे तुमचं काम खोळंबलं. फार लाज वाटते हो.”

फुमिएला वाटलं, हिने कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

“काकू, नका वाकू. काकांचं काही चुकलं नाही. भोंगा मी बंद करायला लावला होता.”

सेत्सू सावकाश सरळ झाली. “का?”

“शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून.”

मग अगदी हळू आवाजात, खरंच कळत नसल्यासारखं सेत्सूने विचारलं, “आणि आमचे हे? हे तुमचे कोण होते?”