मापांचे फोटो

मी फोन बोलतोय. दुकानाच्या काचेतला नवाकोरा नव्हे, एका शिंपीणबाईंचा, गालावर तडा गेलेला. बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते, पण माझा तोरा अजून शाबूत आहे.

मालकिणीची लेक सातवीत. मॅडमनी वर्गात सांगितलं, "दर मंगळवारी विज्ञानाच्या तासाला आपापला फोन आणा." आपापला! तिच्याकडे कुठला? म्हणून मंगळवारी आई मलाच तिच्या दप्तरात घालायची आणि दिवसभर गिऱ्हाइकांना मुकायची.

"चिठ्ठ्या हरवतात ना तुझ्या? मापांचे फोटो काढत जा," हे आईला शिकवलं लेकीनंच. आई मन लावून शिकली. फोटो काढला की चिठ्ठी केरात! हे मात्र लेकीला ठाऊक नव्हतं.

एका मंगळवारी धडा डाउनलोड करायचा होता. मी कळवलं, जागा नाही. इतरांचे धडे सुरूही झाले होते. "कोणाचं राहिलंय?" मॅडमनी विचारलं. लेकीचे कान तापले. चिठ्ठ्यांचेच तर फोटो, चिठ्ठ्या घरी आहेतच, असं समजून ती ते कायमचे पुसायला निघाली. "नक्की?" मी विचारलं. माझ्या हातात तेवढंच होतं. तिनं 'हो' दाबलं.

संध्याकाळी आई कापड पसरून बसली. दवाखान्यातल्या चौदा नर्सचे गणवेश सोमवारी द्यायचे होते. तिनं मला उघडलं. एकही माप नाही.

"चिठ्ठ्या असतील ना डब्यात?" लेकीचा आवाज चिरकला.

"टाकल्या गं. तूच म्हणालीस ना, फोटो काढत जा?"

आई रागावली नाही, आणि तेच लेकीला सोसवेना. ती ढसाढसा रडली. खोटं कशाला बोलू, मलाही फार वाईट वाटलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती गळ्यात टेप अडकवून दवाखान्यात गेली. एकेकीला गाठून मापं घेतली आणि विज्ञानाच्या वहीत मागच्या पानावर लिहिली. गणवेश वेळेवर गेले.

पुढच्या मंगळवारी वही तपासताना मॅडम त्या पानाशी थांबल्या. "खांदा, कंबर, बाही? हा कुठला धडा?" लेकीनं खालमानेनं सगळं सांगितलं. मॅडमनी त्या पानावरही लाल शाईनं सही केली आणि स्वतःचा फोन तिच्या बाकावर ठेवला. "माझ्या तासाला हा वापर. आईचा आईकडेच राहू दे."

हल्ली मंगळवारी मी शिलाई मशीनशेजारीच असतो. वर्गाची आठवण येते कधीकधी. शिक्षकांनो, 'आपापला फोन काढा' म्हणण्याआधी एकदा विचारा, 'कोणाचा आणलाय?'

माझ्यात आता पुन्हा जागा संपत आलीय. काय हवं ते पुसा, पण आईनं काढलेला एक फोटो राहू द्या. वहीचं पान, चौदा जणींची मापं आणि खाली लाल सही.