तीस फेब्रुवारीचा पंप

दिल्लीहून आलेल्या पत्रात एकूण एकोणीस शंका होत्या आणि त्यातली सातवी मी तीनदा वाचली. ‘नोंदवहीनुसार ३० फेब्रुवारी रोजी पंप बंद होता. खुलासा करावा.’

रोह्यातल्या आमच्या एका खोलीच्या संस्थेत मी, एक टेबल आणि परदेशी विकास बँकेच्या फायली एवढंच असतं. ही बँक साता समुद्रापलीकडची. ती दिल्लीच्या सल्लागार कंपनीला पैसे देते, कंपनी मुंबईच्या ट्रस्टला, ट्रस्ट आम्हाला, आणि आम्ही पेणच्या खाडीकाठी मिठागरांवर सौरपंप बसवतो. बसवतो म्हणजे, आतापर्यंत एक बसवलाय. पैसा वरून खाली येताना झिरपत येतो, शंका मात्र धो धो येतात.

आठवी शंका अशी, की दर महिन्याच्या पाच ते अकरा तारखेला पंप रोज बारा तास चालल्याचं दिसतं. पेणला सूर्य बारा तास इतका तळपतो का? नववी, की पंधरा तारखेनंतर कुठल्याच महिन्यात एकही नोंद नाही, एक ती तीस तारीख सोडली तर. सबब नोंदी संशयास्पद आहेत, सात दिवसांत खुलासा न आल्यास दुसऱ्या टप्प्याचा फेरविचार होईल.

माझं डोकंच फिरलं. दुसरा टप्पा म्हणजे अकरा पंप, आणि त्यातला पहिला गोदूबाईचा.

गोदूबाईचं डिझेल इंजिन मागच्या मोसमात बंद पडलं ते पडलंच. पाणी चढवायला काही नाही म्हटल्यावर पेणचा कोळंबीवाला काळुराम तिच्या बांधावर येऊन उभा राहिला. मिठागर भाड्यानं दे, तलाव खणतो. पण मिठागराची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. तिची तर सासूच्या पायांपासून तुडवलेली. एकदा पोकलेन फिरला की तिथं पुन्हा मीठ पिकत नाही. तिनं काळुरामला सांगितलं होतं, “दसऱ्यापातूर थांब. माजा पंप येतोय.”

आणि ती नोंदवही गोदूबाईनंच लिहिलेली. पहिला पंप नमुन्यादाखल तिच्या शेजारच्या हिरामणच्या मिठागरावर बसला. त्यातला दिल्लीला आपोआप माहिती पाठवणारा डबा खाऱ्या हवेनं महिन्याभरात गंजला. मग बँकेनं छापील तक्ते पाठवले, हातानं भरा म्हणून. हिरामणला लिहायचा कंटाळा. गोदूबाई चौथी शिकलेली. आपला पंप या वहीवर अवलंबून आहे हे तिला मी सांगितलं होतं, म्हणून ती मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत रोज दोनदा बांधावरून चालत हिरामणच्या पंपाकडे जायची. एक दिवस चुकवला नाही.

श्रावणातला चिखल तुडवत मी रामवाडीवरून आत खाडीकडे वळलो. गोदूबाई आणि हिरामण पडवीत बसले होते. मी वही पुढ्यात टाकली.

“मावशी, फेब्रुवारीला तीस तारीख कधीपासून आली?”

तिनं पान जवळ धरून बघितलं. “तारीख कंची? ती अवस हाय. पंचांगात अवशीला तीसच लिवतात.”

“तुम्ही तिथी लिहिल्यात?”

“मग काय लिवनार? पानी काय तारखेनं चढतं?”

मी कपाळावर हात मारला. खरं तर मला कळायला हवं होतं. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही भरतीची वेळ काढता येते, तिथीची पाऊणपट केली की झालं. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, बांधातल्या उघाडीचं दार वर केलं की पाणी आपल्या पायांनी मिठागरात शिरतं. पंपाची गरजच नाही. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती नावाला, पाणी दारापर्यंतही पोचत नाही. तेव्हा पंप. माघ म्हणजे फेब्रुवारी धरून तिनं एका तक्त्यात आधी शुद्ध पक्ष लिहिला, मग वद्य. साहजिकच पाच ते अकरा दोनदा आले. सहा तास आणि सहा तास, दिल्लीत बेरीज झाली बारा. सोळा ते एकोणतीस अशा तिथी पंचांगातच नसतात, तर वहीत कुठून येणार?

“बाई बराबर हाय,” हिरामण म्हणाला. “सायबांना म्हनावं, एकदा भांगाला येऊन बघा.”

“साहेब येणार असते तर वही कशाला मागितली असती?” मी म्हणालो. आवाज चढला होता. त्याचा काय दोष?

मागचं आणि यंदाचं अशी दोन्ही पंचांगं घेऊन मी वरसे गावातल्या माझ्या घरी चार दिवस बसलो आणि सगळ्या तिथींच्या तारखा केल्या. एकेक ओळ. नोंदी चोख होत्या, तिथीचा क्षयसुद्धा तिनं सोडला नव्हता. दिल्लीच्या मॅडमना फोनवर भरती-ओहोटी समजावून सांगितली. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, ठीक है, पण समुद्राचं पाणी असं चढतं-उतरतं याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडा.

आता हा दाखला देणार कोण? पेणच्या एका कचेरीत गेलो. तिथला कारकून म्हणाला, समुद्र आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, अर्ज टाका, पंधरा दिवसांनी या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी पंचांगाच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, त्यावर स्वतःच ‘खरी प्रत’ असा शिक्का मारला आणि सहाव्या दिवशी सगळं पाठवून दिलं.

मग सामसूम. पेणचे गणपती गावोगाव जाऊन बुडाले, घट बसले, उठले. मी दर सोमवारी फोन करायचो. दर सोमवारी उत्तर एकच, फाइल शंकाधीन आहे. दसरा गेला.

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी पत्र आलं. वरातीमागून घोडं. खुलासा समाधानकारक आहे. नोंदवही आदर्श असून स्थानिक ज्ञानाचा उत्तम नमुना आहे. तथापि फाइल शंकाधीन असल्यामुळे मुदतीत निर्णय होऊ शकला नाही, अकरा पंप दुसऱ्या राज्याला देण्यात आले आहेत. पुढचा टप्पा दोन वर्षांनी. दरम्यान श्रीमती गोदूबाई यांनी दिल्लीच्या कार्यशाळेत येऊन नोंदी कशा ठेवाव्यात यावर मार्गदर्शन करावं, रेल्वेचं भाडं मिळेल.

ते पत्र फाडून टाकावंसं वाटलं. पण फाडून काय होणार? घेऊन गेलो.

लांबूनच पोकलेनचा आवाज आला. गोदूबाई बांधावर उभी होती. समोर तिच्या मिठागराचे निम्मे वाफे उपसून झाले होते, काळी माती वर आली होती.

“चार दिस वाट बघितली जास्तीची,” ती म्हणाली. “काळुराम बोलला, आता थांबत नाय.”

मी पत्र वाचून दाखवलं. पूर्ण. आदर्श, उत्तम नमुना, सगळं. मग बँकेला, दिल्लीला, मॅडमना तोंडाला येईल ते बोललो. त्या लोकांना चंद्र माहीत नाही, समुद्र माहीत नाही, चुका काढायला मात्र पुढे.

ती पोकलेनकडे बघत सगळं ऐकून घेत होती.

“त्यांचं जाऊं द्या,” ती म्हणाली. “ती लांबची मानसं. मना एवडंच वाटतं, पैल्याच म्हयन्यात कोन बोललं असतं का बाई, तारीख लिव, तर लिवली असती. घरात क्यालेंडर हाय. पन दर पानाखाली तुमची सही व्हती. मी म्हनलं, तुमी बघितलंय, म्हंजे बराबर असंल.”

दर महिन्याला मी यायचो, गाडी बंदसुद्धा न करता सीटवर वही ठेवून सही करायचो आणि पुढच्या गावाला जायचो. सहा महिने, सहा सह्या. एकही पान मी वाचलं नव्हतं.