निशाताईच्या टीव्हीखालून

मी गेमचा डबा बोलतोय. दुकानात मला कन्सोल म्हणायचे, घरात मला कुणी हाकच मारत नाही. पडेगावात निशाताईच्या टीव्हीखाली माझा मुक्काम आहे.

मला आणलं तिच्या धाकट्या भावानं, बुद्धभूषणनं. तो फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकांची गाडी चालवतो. लहानपणी ही दोघं शेजारी बसून शर्यतीचा गेम खेळायची. भूषण मोठा अबोल, पण हात गेममध्ये गुंतले की त्याचं तोंड सुटायचं. मनातलं सगळं तो ताईला तेव्हाच सांगायचा. ताईचं लग्न झालं आणि ते थांबलं. फोनवर तो हं-हूंच्या पुढं जात नाही.

म्हणून चौदा एप्रिलच्या खरेदीत त्यानं दोन डबे घेतले, एक ताईला, एक स्वतःला, म्हणजे आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकत्र खेळता येईल. इथं आईची शिकवण नडली. घरात दोन साड्या घ्यायच्या तर वेगळ्या घ्याव्यात, अदलाबदल करता येते, हा लीलाबाईंचा नियम. भूषणनं तोच लावला आणि दोन कंपन्यांचे डबे उचलले. गेम मात्र दोन्हीकडं एकच.

सोमवारी लेणी बंद, म्हणून त्याला सुट्टी. दोघं आपापल्या घरी डबे एकमेकांना जोडायला बसली, पण जोडलं जाईना.

"ताई, गेम तर सेमच हाय ना? फोन तर कोन्च्याबी कंपनीचा लागतो," तो फोनवर म्हणाला.

ताई गुलमंडीतल्या दुकानदाराकडं, अभयकडं, गेली. तो म्हणाला, "हे मुद्दाम हाय, ताई. तुमच्या भावानं बी हाच डबा घ्यावा म्हणून कुलूप घातलंय. दार उघडलं तर ह्यांच्या डब्याला कोन पुसंल?"

खरंच बोलला. माझ्या कंपनीचं गिऱ्हाईक जास्त, तिला दार उघडून काय मिळणार? भूषणची कंपनी मागं पडलेली, म्हणून ती मैत्रीचे गोडवे गाते. पुढं होती तेव्हा तिनंही हेच कुलूप लावलं होतं.

ताईनं गेम खेळायचा रिमोट कपाटात टाकला. तेव्हापासून टीव्हीच्याच रिमोटनं माझ्यावर मालिका लागतात. सुरुवातीला वाईट वाटायचं, आता काहीच वाटत नाही.

पुढं गेम बनवणारेच माझ्या कंपनीच्या मागं लागले. खेळाडू दोन्हीकडं विभागले की शर्यतीला जोडीदार मिळत नाही, लोक गेम सोडतात, त्यांचा धंदा बसतो. कंपनी नमली. गेल्या डिसेंबरात लांबलचक सूचना आली. शेवटी प्रश्न होता, दुसऱ्या कंपनीच्या खेळाडूंशी खेळायचं का? ताईला मालिकेची घाई होती. तिनं न वाचताच 'नाही' दाबलं.

आता दर सोमवारी भूषणचं आमंत्रण येतं. परवानगी नाही, म्हणून मी ते ताईला न दाखवताच परत पाठवतो. तिकडं त्याच्या पडद्यावर उमटतं, 'या खेळाडूनं नकार दिला आहे.' तो विचारणारा माणूस नव्हे. महिनाभर त्याचा फोनही नाही. ताईला वाटतं, पर्यटकांची गर्दी असेल.

वाचकहो, पडेगावकडं आलात तर तिला एवढंच सांगा, भावाला नकार मी देतोय, तिच्या नावानं. उद्या सोमवार आहे.