तासभर दम धरणारी भिंत

मिस्त्री इतका काटेकोर, की जेवायला बसला तरी ताटाखाली लेव्हल लावायचा आणि कालवण एका बाजूला कललं की जमिनीला शिव्या घालायचा. धाकट्या भावाने घराला चिकटून स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज काढलं, तेव्हा मधली भिंत मिस्त्रीनेच बांधली. अलीकडे म्हातारी आई, पलीकडे पेट्रोल. आईला धगसुद्धा लागता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात. भिंत आतल्या छतापाशी न थांबवता त्याने थेट वरच्या पत्र्याला भिडवली. वायरीची भोकंही लिंपून टाकली. मुंगी आली तर तिला रस्ता विचारत परत जावं लागे.

तपासणीचे साहेब खूश झाले. "आग लागली तर भिंत तासभर दम धरेल. मधलं दारही जाड आहे, स्प्रिंगने आपोआप मिटतंय. बास झालं."

पण धाकट्याचे हात सदा भरलेले. तो दाराला टायर लावून ते उघडं ठेवायचा. मिस्त्रीने चारदा टायर काढला, पाचव्यांदा घराच्या बाजूने कडी बसवली.

"दादा, मी काय चोर आहे?"

"चोर परवडला. तो निदान जाताना दार लावतो. तू आपला पुढच्या शटरने ये-जा कर."

त्या दुपारी मायलेक चहा पीत बसले होते. भिंतीपलीकडून ठक ठक ऐकू आलं.

"बघ," मिस्त्री म्हणाला, "एवढा हातोडा चालतोय, पण इकडे जेमतेम कुजबुज. याला म्हणतात बांधकाम."

आईने कप खाली ठेवला. "हातोडा नाही रे तो. तळहात आहे."

मिस्त्रीने दाराला हात लावला. दार गार होतं. कडीचे स्क्रू मात्र चटका देत होते. वेल्डिंगची ठिणगी, सांडलेलं पेट्रोल, आणि वायर जळाल्याने अर्ध्यावर अडकलेलं विजेचं शटर, ज्याच्या तोंडाशीच जाळ होता; हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्याला एवढंच दिसलं, की दार उघडलं तर आग आईपर्यंत येणार आणि नाही उघडलं तर भाऊ जाणार.

"आई, ऊठ. बाहेर चल."

"आधी त्याला काढ!"

त्याने आईला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं, अंगणात ठेवलं आणि परत धावला. तोवर ठकठक थांबली होती.

कडी काढताच धाकटा दारासकट त्याच्या अंगावर आला, आणि त्याच्यामागून आग. मिस्त्रीने त्याला फरफटत बाहेर आणलं. स्प्रिंग जळाल्याने दार मिटलंच नाही; घर मागे भडाभडा पेटलं. लिंपलेली भोकं, पत्र्याला भिडलेली भिंत, कशाचा काही उपयोग उरला नव्हता.

अंगणात धाकटा अजून श्वास घेत होता. चेहरा ओळखू येत नव्हता, आवाज येत होता.

"कडी... कुणी लावली होती?"



"मी लावली रे बाळा," आई म्हणाली. "म्हातारपण. विसरले काढायला."

धाकट्याने तिच्याकडे मान वळवली. "असू दे गं," तो म्हणाला.

मिस्त्रीने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं. अँब्युलन्स गल्लीत शिरली, तेव्हा खरं ज्याला सांगायचं, तोच उरला नव्हता.