शेजारच्या भोंग्यावर जळणारी किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. पितळेची, लांब दांड्याची, डोक्याला लाल दोरा बांधलेली. माझं कुलूप एका घराला आणि माझा मुक्काम दुसऱ्या घरात. बोरगाव मेघेत नाना आणि सुधाबाईंचं घर आहे, त्यांच्या पुढच्या दारासाठी माझा जन्म झाला. पण राहते मी शेजारी, प्रेमदासभाऊ आणि कमलाबाईंकडे.

कुलपाबरोबर आम्ही दोघी बहिणी आलो होतो. थोरली नानांच्या खिशात गेली. मला सुधाबाईंनी त्याच दिवशी आणून कमलाबाईंच्या हातात दिलं. "राहू दे वं तुह्यापाशी," एवढंच बोलल्या. ना बजावणं, ना शपथ. कमलाबाईंनी मला बुद्धाच्या तसबिरीजवळच्या खिळ्याला अडकवलं.

काय मान होता तेव्हा माझा! नाना गावाला गेले आणि इकडे नळ आले, की कमलाबाई मला घेऊन धावत जायच्या आणि त्यांची टाकी भरून यायच्या. अवेळी पाहुणे आले तर त्यांना दार उघडून द्यायचं, चहा करून द्यायचा. थोरलीला हे कुठलं नशिबात? ती आपली खिशात सुपारीच्या पुडीला चिकटून पडलेली.

मग दिवाळीत पुण्याहून देवेंद्र आला, नानांचा मुलगा. त्यानं येताना भोंगा आणला. पांढराफेक, वाटीएवढा, वर लुकलुकणारा लाल दिवा. घरात कोणी नसताना काही हललं की तो बोंबलणार म्हणे. अख्खी गल्ली त्याला बघायला लोटली. सुधाबाई त्याला रोज मऊ फडक्यानं पुसायच्या. मला जन्मात कोणी पुसलं नाही हो! मी जळले. लपवते कशाला? आतून काळी पडेपर्यंत जळले.

त्यातच देवेंद्र म्हणाला, "आई, आता शेजारी चावी ठेवायची भानगडच नको." फाटकात कमलाबाई उभ्या होत्या, हातात वांग्याच्या भाजीची वाटी. सुधाबाई भोंगा पुसत राहिल्या. कमलाबाईंनी वाटी दिली, घरी आल्या आणि मला खिळ्यावरून काढून बटणांच्या डबीत टाकलं.

"सुधावहिनी मांगतीन त्या दिवशी देऊन टाकतो," त्या प्रेमदासभाऊंना म्हणाल्या. "भरवसा नाई त चाबी कायले ठेवायची?"

सुधाबाईंनी मागितलं नाही, यांनी दिलं नाही. मी डबीत. बटणांच्या गर्दीत माझा जीव टांगणीला लागलेला. परत गेले तर त्या घरात मला कोण विचारणार? तिथे थोरली आहे, आणि तो लाडका भोंगा आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात नाना आणि सुधाबाई नातीच्या वाढदिवसाला पुण्याला गेले. ते निघाले तेव्हा लाइट गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि भोंगा जो सुरू झाला, तो थांबेचना. डबीतली बटणं थरथरली. खरं सांगू? मला आधी आनंदच झाला. बोंबल म्हटलं, बघू कोण येतं तुझ्या हाकेला.

आले सगळे, पण फाटकापर्यंत. ऊन चढलं तरी भोंगा चालूच. कुत्री भुंकून दमली. समोरच्या रूपरावांनी आधी कानात कापूस घातला, मग हातोडा घेऊन निघाले. "डोकं फुटून राह्यलं माह्यं! कुलूपच फोडतो आता."

माझ्या कुलपावर हातोडा! मी डबीत पार गार पडले.

"रूपरावजी, थांबा जरासे," प्रेमदासभाऊ म्हणाले आणि बायकोकडे वळले. "अवं, चाबी त आपल्यापाशीच हाय ना?"

"मशीन लावली ना त्यायनं? मशीनच पाहीन घराले," कमलाबाई म्हणाल्या. पण घरात आल्या, डबी उघडली, मला मुठीत घट्ट धरलं आणि पुन्हा फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. पुढे मात्र पाऊल टाकीनात.

भोंग्याची खबर गल्लीतून सकाळीच पुण्याला गेली होती. तेवढ्यात प्रेमदासभाऊंना देवेंद्रचा फोन लागला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. "काका, मला मोबाईलवरून बंदच करता येत नाहीये. नानांनी निघताना नेटचा डबा बंद केला."

मागून नाना ओरडले, "घरी कोणी नाई त कोणासाठी चालू ठेवू?"

"काका, कुलूपच तोडा," देवेंद्र म्हणाला. "चावी तर आईनं परत घेतली असेल."

फोनवर झटापट झाली आणि सुधाबाईंचा आवाज आला. "परत काऊन घेऊ? कमला, तू आजून गेलीच नाईस? मी कवाची वाट पाहून राह्यली, आता बंद होईन, मंग बंद होईन."

"देवेंद्र म्हणे, चाबीचं काम नाई आता," कमलाबाई हळूच म्हणाल्या.



"आयकलंतं तू थे," सुधाबाई म्हणाल्या. "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. चुकलं माह्यं. पण त्याचं घर पुण्याले हाय, कमला. या घराची चाबी कोणापाशी राहीन, थे मी ठरवीन. जाय बरं आता. आन हॉलमंदल्या कुरोड्या पाहून घेजो, अर्ध्या तुह्या पोरीसाठी, भावनासाठीच हायेत."

कमलाबाई तडक दारापाशी गेल्या. त्यांनी मला कुलपात घातलं. एका झटक्यात फिरले मी!

आत पंखा गरगरत होता. लाइट नसताना सुधाबाई त्याचं बटण चालू ठेवून गेल्या होत्या, ओल्या कुरोड्या, म्हणजे कुरडया, वाळाव्यात म्हणून. लाइट आली, पंखा फिरला, कुरोड्यांवरची साडी उडाली आणि भोंग्याला वाटलं चोर आला. एवढा शहाणा भोंगा, साडीला भ्याला! कमलाबाईंनी पंखा बंद केला. देवेंद्रनं सांगितलेले आकडे दाबले. भोंगा गप्प.

"काकू, निघताना तो परत चालू करता का?" देवेंद्रनं विचारलं.

"काई गरज नाई," मागून सुधाबाई म्हणाल्या. "कमला हाय तिथं."

कमलाबाई खाली बसल्या आणि पडलेल्या कुरोड्या एकेक उचलू लागल्या. डोळे पदरानं पुसत होत्या. मी बाहेर कुलपात लटकलेली. जिंकले होते, नाचायला हवं होतं. पण सुधाबाईंचे ते शब्द मनातून जाईनात. 'किल्ली आहे तिथं' असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. भोंग्याच्या जागी उद्या दुसरा भोंगा येईल, मी हरवले तर बाजारातला किल्लीवाला दुसरी घासून देईल. कमलाबाई कोण घडवून देणार?

तेव्हा लोकहो, भोंग्यावर जळणं मी सोडलं आहे. बिचारा कोपऱ्यात धूळ खातोय. हल्ली मी कमलाबाईंवर जळते.