खंडेनवमीची कोरडी लेन

शिक्रापूरला हायवेच्या कडेला पोपटरावांची कांदाचाळ होती. त्या जागेवर त्यांच्या लेकानं, सत्यजीतनं, सहा लेनचं बोलिंग सेंटर काढलं तेव्हा गावानं भरपूर नावं ठेवली. पैसे मोजून कोण चेंडूनं बाटल्या पाडायला येणार, असं ज्यांनी विचारलं तेच पुढं रविवारी बायकापोरांसह रांगेत उभे दिसू लागले. पोपटराव स्वतः त्याला 'गोट्यांचं दुकान' म्हणत, आणि रोज संध्याकाळी न चुकता त्या दुकानात खुर्ची टाकून बसत.

पण सेंटरचं खरं नाव झालं ते त्यांच्या सुनेमुळं. अनिता रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शिफ्ट सुटली की इथं येऊन चेंडू टाकायचा, असा तिचा नेम. चेंडू असा मनगटातून फिरवून सोडायची की तो लेनच्या कडेच्या गटाराच्या काठाकाठानं जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, गेला आता. आणि मग काहीतरी विसरलेलं आठवल्यासारखा तो वळायचा आणि थेट पिनांच्या मध्यात घुसायचा. आसपासच्या सेंटरांच्या हायवे लीगमध्ये तिचे मार्क एकशे नव्वदच्या खाली सहसा यायचे नाहीत. सासरे येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "ती बघा, आमची सूनबाई."

मग श्रावणात लीगचा सामना दौंडला झाला आणि सगळी हवाच निघून गेली.

दौंडच्या सेंटरात अनितानं तसाच चेंडू सोडला. तो काठाकाठानं गेला, आणि गेला तो गेलाच. जरा आतून टाकला तर नको तेवढा पलीकडं जाऊन लागला. शेवटी फळ्यावर एकशे अठ्ठावीस. दौंडचा पहिल्या नंबरचा खेळाडू होता अफताब शेख. गॅरेजवाला, तोंडानं मिठ्ठास आणि जिभेला धार. तो हात पुसत पुढं आला आणि म्हणाला, "काय वहिनी, घरचं तेल घरीच ठिवून आला व्हय?"

सगळं सेंटर हसलं. अनिताही हसली, कारण न हसून सांगते कोणाला.

परतीच्या गाडीत तिनं मच्छिंद्रला गाठलं. मच्छिंद्र म्हणजे त्यांच्या सेंटरचा मेकॅनिक. लेनवर तेल घालायचं मशिन तोच चालवायचा.

"तेलाचं काय म्हणत होता तो?"

"खरंच हाय ते वहिनी," मच्छिंद्र अवघडून म्हणाला. "आपल्याकडं तेल मधी दाट आन् कडंला पातळ घालत्यात. चेंडू भाईर गेला की कोरड्यात धरतो आन् माघारी वळतो. आत पडला की तेलावरनं सरळ घसरतो. म्हंजी चुकलं तरी लेन सांभाळून घेती. गिऱ्हाईक खूश ऱ्हायला पायजे ना. दौंडला तेल सगळीकडं सारखं. तिथं चूक ती चूकच."

लहानपणी बाई हात धरून अक्षर गिरवून घेतात आणि पोराला वाटतं मीच काढलं, तसं अनिताला झालं होतं. एवढे दिवस जे मार्क पडले ते आपले की तेलाचे? दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिनं भांडून उत्तर दिलं असतं. पण हा प्रश्न तिचा तिलाच पडला होता.

वर अफताबचं ते वाक्य तिच्याआधी कारखान्यात पोचलं. कँटीनमध्ये कोणी तरी गुणगुणायचं, घरचं तेल, घरची सून. एकदा तर तिच्या टेबलावर खोबरेल तेलाची बाटली आणून ठेवली होती, वर रिबीन बांधून. तिनं ती उघडली, डोक्याला लावली आणि कामाला लागली. पण आतून मात्र ती चांगलीच चिडली होती.

लीगच्या शेवटी वैयक्तिक ढालीसाठी दोघंच उरले, अनिता आणि अफताब. सामना शिक्रापूरला. म्हणजे झाली का पंचाईत! हरली तर नाक कापलं जाणार, आणि जिंकली तर लोक म्हणणार, घरच्या तेलावर काय, कोणीही जिंकेल. सत्यजीतनं तारीख ठरवली ती कंपन्यांच्या सुट्ट्या बघून, इंग्रजी कॅलेंडरवर. तिथी बघायचं त्याला सुचलंच नाही. आणि त्याच्या आईला, साखरबाईंना, विचारायचंही कोणाला सुचलं नाही.

साखरबाईंचं त्या सेंटरशी पहिल्यापासून एकाच गोष्टीवरून वाकडं होतं, ते म्हणजे तेल. घरात थेंबभर तेल सांडलं तरी बाई अस्वस्थ व्हायच्या, आणि इथं हे लोक रोज मशिन लावून मुद्दाम जमिनीवर तेल सांडतात! एकदा मायेनं पेढे वाटायला त्या लेनवर गेल्या होत्या आणि पेढ्यांसकट घसरून बसल्या होत्या. तेव्हापासून त्या लेनच्या रेषेच्या अलीकडं उभ्या राहून म्हणायच्या, "एवढं चकचकीत बांधलं, पर पुसायला एक बाई ठिवली न्हाई."

सामन्याच्या दिवशी सुट्टी असली तरी कारखान्यात मशिनींची पूजा होती. अनिता हातात नारळाचा तुकडा घेऊनच सेंटरवर पोचली. दार उघडलं तर आत साबणाच्या पावडरीचा वास. सहाच्या सहा लेन आरशासारख्या लख्ख. बाजूला बादल्या, पोती, फडकी, आणि पदर खोचलेली शेजारची मालनबाई कमरेवर हात देऊन उभी. लेनच्या तोंडाशी तेलाचं मशिन पाटावर बसवलेलं. त्याला कुंकवाची पाच बोटं, झेंडूची माळ, समोर नारळ आणि उसाचं कांडं.

"आत्या, हे काय?" अनितानं सासूला विचारलं.

"खंडेनवमी न्हाई का आज?" साखरबाई घाम पुसत समाधानानं म्हणाल्या. "तुमचं काय ते हत्यार, पूजेला नको? आन् पूजा करायची ती घाणीत करायची व्हय? आम्ही दोघींनी मिळून समदं तेल काढलं बघ. कडक पाण्यानं, तीन डाव."

मच्छिंद्र कोपऱ्यात उभा होता. चेहरा लग्नात वऱ्हाड हरवल्यासारखा. "वहिनी, लेन धुत्यातच, पर धुतल्यावर तेल घालावं लागतं. आन् मशिन तर..." त्यानं पाटाकडं बोट केलं.

"मशिनला हात लावायचा न्हाई," साखरबाईंनी सुनेकडं बघत बजावलं. "पूजेला बसलेलं हत्यार उद्या दसऱ्याला सोनं वाटल्यावरच उठवायचं. तुझे सासरे नांगर पण उचलत न्हाईत आज."

पोपटरावांनी खुर्चीतून मान डोलावली. बायकोच्या पूजेत त्यांनी कधी ढवळाढवळ केली नव्हती आणि या वयात सुरुवात करायचा विचारही नव्हता. सत्यजीत मात्र डोक्याला हात लावून बसला.

तेवढ्यात अफताब आपल्या माणसांसह आला. त्यानं लेन पाहिली, मशिन पाहिलं, माळ पाहिली. सत्यजीत सामना पुढं ढकलायचं बोलू लागला, तर त्यानं हात वर केला.

"राहू द्या भाऊ. माझ्या गॅरेजात पण आज पाने पूजेला बसलेत, माझा पार्टनर आज बोल्ट फिरवू देत न्हाई. पूजेतलं उठवायचं न्हाई." मग तो अनिताकडं वळला आणि डोळे बारीक करून हसला. "दोघांनाबी कोरडंच. चालंल का वहिनी?"

अनिता म्हणाली, "चालंल की."

कोरड्या लेनवर चेंडू काय करतो ते दोघांनी लगेच पाहिलं. अफताबचा चेंडू निम्म्या वाटेतच डावीकडं वळला आणि कोपऱ्यातल्या दोन पिनांना शिवून गेला. अनितानं आपला ठेवणीतला, मनगटातून फिरवलेला चेंडू टाकला. तो जणू कोणी कासरा ओढावा तसा वळला आणि भर मध्यातून डाव्या गटारात जाऊन पडला. दौंडकरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं चार पावलं सरकून पुन्हा टाकला, चार पिना. दोन चेंडूंची एक फ्रेम, अशा दहा; पुढच्या दोन फ्रेममध्येही तेच. जेवढा जास्त फिरवावा तेवढा जास्त वळणार. तीन फ्रेमला मिळून सतरा मार्क. अफताबनं तोवर फिरवणं कमी करून जोर वाढवला होता आणि तो पुढं निघून गेला होता.

"तेल बी गेलं, तूप बी गेलं..." पोपटराव पुटपुटले आणि बायकोनं बघितल्यावर गप्प बसले.

साखरबाई हळूच सुनेच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना खेळ कळत नव्हता, पण सुनेची मान कळत होती. "गं, काय बिघडलं? माझ्या धुण्यानं झालं का काय?"

"न्हाई आत्या." खोटं बोलायचं होतं, पण खरं तेच तोंडातून निघालं. "माझा चेंडू तेलावरच चालतो. तेल न्हाई तर मला येतच न्हाई काही. लोक म्हणत्यात ते खरं हाय."

लोक काय म्हणतात ते साखरबाईंना आजच कळत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "कोरड्या तव्यावर घावन घातलं तर चिकटणारच की. तेल न्हाई तर भाकरी टाकावी. तुला भाकरी येत न्हाई व्हय?"

अनितानं मागं वळून पाहिलं. सासूबाई अगदी गंभीर होत्या.

आणि तिला आठवलं. सेंटर नवं होतं तेव्हा तिच्याकडं स्वतःचा महागडा चेंडू नव्हता. रॅकवरचा निळा, टवका उडालेला, गिऱ्हाइकांना द्यायचा गुळगुळीत प्लास्टिकचा चेंडू घेऊन ती सरळच टाकायची, कारण वळवायचं ठाऊकच नव्हतं. पुढं वळवणं आलं आणि सरळ टाकायची लाज वाटू लागली. ती रॅकपाशी गेली. निळा चेंडू तिथंच होता, पोरंसोरं वापरत होती.

तिनं तो घेतला, मनगट घट्ट धरलं आणि काही न फिरवता जोरात सरळ सोडला. चेंडू बावळटासारखा नाकासमोर गेला. आठ पिना पडल्या. उरलेल्या दोन शेजारी शेजारी होत्या, त्या तिनं दुसऱ्या चेंडूत पाडल्या; अशा दहाही पडल्या की पुढच्या चेंडूचे मार्क दुप्पट धरतात. कोणी टाळी वाजवली नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या फ्रेमला तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही. भाकरीमागून भाकरी. चूक झाली की चूक दिसायची, लेन काही पोटात घालत नव्हती. पण नेम बरोबर लागला की तो बरोबरच लागायचा आणि त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा अनिताला इतकं बरं वाटलं की सामना चालू आहे हेही ती घटकाभर विसरली.

अफताबचा खेळ आधी संपला. एकशे चौतीस. अनिताची शेवटची फ्रेम राहिली होती आणि जिंकायला सोळा हवे होते.

पहिल्या चेंडूला नऊ पडल्या. उजव्या कोपऱ्यातली एक पीन हलली, डुलली आणि उभीच राहिली. तेलावर हीच पीन तिला सोपी जायची. आज चेंडू डावीकडून तिरका, अख्खी कोरडी लेन ओलांडून न्यायचा होता, आणि जरा जरी मनगट वळलं की संपलं. ती डावीकडं सरकली. बाहेर हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. चेंडू निघाला, गटाराच्या अगदी कडेला गेला आणि कोपऱ्यातली पीन घेऊनच आत पडला.

शेवटच्या फ्रेमला दहाही पडल्या की जादाचा एक चेंडू मिळतो, आणि त्यात सहा पिना पुरे होत्या. तिनं तो टाकला, आणि पिना पडायच्या आधीच तिला कळलं. सात पडल्या. एकशे छत्तीस.

सत्यजीतनं खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली. मच्छिंद्र मशिनपुढचा नारळ फोडायला धावला आणि साखरबाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते, पण वेगळ्याच कारणानं. त्या फळ्याकडं बघत होत्या.

"रोज दोनशेच्या घरात असती बिचारी, आन् आज एकशे छत्तीस. माझ्यामुळंच गं."

"आत्या, जिंकले मी!"

"एवढ्याशा मार्कांत?"

"एवढ्याशाच," अनिता म्हणाली आणि सगळ्यांदेखत तिनं सासूला मिठी मारली. साखरबाई लाजून लाल झाल्या.

हरलेल्यानं ढाल द्यायची रीत, म्हणून अफताब पुढं आला. "वहिनी, काय तरी बोलायचं म्हणून आलो हुतो, पर आज तेलावरनं बोलायला जागाच न्हाई. दौंडला पुन्हा या. आमच्या तेलावर बघू." तिला ते दौंडचं तेल आता खरंच बघायचं होतं. मार्क आपले की तेलाचे, हा गाडीत पडलेला प्रश्न कुठं तरी निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं आणि मच्छिंद्रनं मशिनची माळ उतरवायला घेतली. साखरबाई ताटात हळदकुंकू आणि आपट्याची पानं घेऊन आल्या. मशिनकडं त्यांनी बघितलंही नाही. त्या थेट रॅकपाशी गेल्या, निळा चेंडू पदरानं पुसला, त्याच्या टवक्याशेजारी कुंकवाचं बोट लावलं आणि वर एक पान ठेवलं.

"काल तुला पूजेत घ्यायचं राहूनच गेलं बघ," त्या त्याला म्हणाल्या. "खरं हत्यार तर तूच हुतास."