कपाळावरच्या दोन रेघा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण मी जेवढी तापट, त्याच्या दुप्पट माझं कपाळ तापट. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा, चांगल्या खोल. पिठाची धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं डोळे बारीक करून बसल्याने त्या पडल्या होत्या. मी मनातल्या मनात गाणं म्हणत असले तरी समोरच्याला वाटायचं, बाई आता खेकसणार.

आमची बदलापुरात पिठाची गिरण. आमचे हे, म्हणजे श्रीपाद, आधी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेसखात्यात होते. पत्र्यावर दिवसभर दणादणा साचे आदळायचे. कारखाना बंद पडला तेव्हा दहाही बोटं शाबूत घेऊन बाहेर पडलेल्या मोजक्या माणसांतले हे एक. कान मात्र तिथेच राहिले. कानाचं यंत्र घेऊन दिलं तर ते शिट्ट्या मारतं म्हणून सदऱ्याच्या खिशात पडून असायचं.

त्या खात्यात कोणी बोलतच नसे, बोलून ऐकणार कोण? प्रेसवर दोघे समोरासमोर उभे राहायचे. साच्यात हात घालण्याआधी समोरच्याचं कपाळ बघायचं. मोकळं असेल तर हात घाल, भुवया आवळलेल्या दिसल्या की थांब. गिरणीतही ह्यांनी तीच रीत चालू ठेवली. हे जात्यापाशी, मी समोर डबे भरायला, नाकातोंडावर पदर बांधून. मोटारीच्या पट्ट्याजवळ हात न्यायचा झाला की आधी मान वर करून माझ्याकडे बघणार. मी भुवया आवळल्या की त्या रेघांच्या घळी व्हायच्या आणि हे थांबायचे. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

घरी मात्र नुसत्या रेघाच पुरायच्या. चहा देताना, "चिडलीस का?" भाजी निवडताना, "आता काय केलं मी?" नाही हो, काही नाही, असं सांगता सांगता मी खरंच चिडायचे, आणि मग ह्यांना वाटायचं, बघ, बरोबर होतं माझं. हळूहळू जेवण झालं की हे पायरीवर जाऊन बसायला लागले, माझ्याकडे पाठ करून. बहिऱ्या माणसाने पाठ केली की संपलंच. त्याच्याशी बोलायची वाटच उरत नाही. घरात असून नवरा हातातून चालला होता, तोही दोन रेघांपायी. माझं रडं कुणाला सांगणार?

धाकट्या बहिणीला सांगितलं. कुंदा उल्हासनगरला एका कातडीच्या डॉक्टरांकडे नोकरीला होती. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. ती म्हणाली, "ताई, सुरकुत्यांचं इंजेक्शन आलंय. सिनेमातल्या बायका घेतात ना, तेच. बाटली फोडली की लगेच संपवावी लागते, म्हणून डॉक्टर चार-पाच जणींना एकाच दिवशी बोलावतात. ह्या बुधवारी एकजण गळलीय. सर म्हणाले, तुझ्या बहिणीला आण."

"खुळी की काय! मी काय नटी आहे?" म्हटलं खरं, पण बुधवारी कुंदाकडे जाऊन येते असं सांगून घराबाहेर पडले.

दवाखान्यात बाकी सगळ्या सिंधी बायका, अत्तराचा घमघमाट. माझ्या केसांत पीठ राहिलं नाही ना, हे मी दोनदा चाचपून पाहिलं. डॉक्टर केवलरामानी स्वभावाने चांगले होते. "क्या काम करती हो?" त्यांनी विचारलं. गिरण म्हणायची लाज वाटली. "घरीच असते," मी म्हटलं.

त्यांनी भुवया आवळायला सांगितल्या, पेनाने ठिपके काढले आणि बारीक सुई टोचत गेले. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते सोसण्यासारखं होतं. मग म्हणाले, "देखो बहनजी, गुस्सा करना है तो इसी हफ़्ते कर लो. फिर तीन-चार महीने ये माथा गुस्सा नहीं करेगा." बायका हसल्या, मीही हसले. मला हवं होतं ते हेच तर होतं!

आठवडाभरात कपाळ उलट्या ताटासारखं गुळगुळीत झालं. हे माझ्याकडे बघतच राहिले. "आज खुशीत दिसतेस," म्हणाले. जेवण झाल्यावर पायरीवर गेले नाहीत. माझ्या समोर बसून प्रेसखात्यातल्या गमती सांगत राहिले, कितीतरी वर्षांनी. मला किती आनंद झाला, सांगता येत नाही. जांभूळ गावाहून तांदूळ दळायला येणारी बनूबाई तेवढी थांबून बघायला लागली. "कपालाला इस्त्री मारलीस का काय गं वयनी?" मी म्हटलं, क्रीम लावते.

मग एकदा निरोप आला की माईचं, माझ्या आईचं, दुखणं वाढलंय. मी काळजीने अर्धी झाले होते, आणि हे समोर बसून मला मॅच कशी फिरली ते रंगवून सांगत होते. मनात चर्र झालं. पण म्हटलं, असू दे, निदान तोंड तरी माझ्याकडे आहे.

होळीच्या सुमारास बनूबाई पुन्हा आली. गिरण चालू होती. पट्ट्यावरच्या जाळीचा बोल्ट ढिला होऊन ती थडथडत होती. हे वाकले, हात पुढे केला आणि नेहमीसारखी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी भुवया आवळल्या. सगळा जीव एकवटून आवळल्या. कपाळावर काहीसुद्धा हललं नाही. दोन्ही हातांत बनूबाईचा भरलेला डबा, तोंडावर पदर. "अहो, नको!" मी ओरडले, ते शेजारी उभ्या बनूबाईलाही ऐकू गेलं नाही. हे माझ्याकडे बघून हसले, मान डोलावली आणि हात घातला.

डबा टाकून मी मेन स्विचकडे धावले. मोटार थांबेपर्यंत पट्ट्याने मधल्या बोटाचं पेर नेलं होतं.

मलमपट्टी झाल्यावर हे बाकावर बसले होते. राग नव्हता, नुसतं कोडं पडलं होतं. "मी बघितलं होतं तुझ्याकडे. तू थांब म्हणाली नाहीस."

"म्हणत होते हो!" मी कपाळावर बोट ठेवून सुई टोचल्याची खूण केली. कळायला त्यांना बराच वेळ लागला.

"कशाला पण?"

"तुम्ही पाठ करून बसायचात म्हणून."

ह्यांनी बांधलेल्या बोटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "रागावलेली का होईना, कळायचीस तरी. आता समोर असतेस आणि काही पत्ताच लागत नाही तुझा."

त्यानंतर हे पट्ट्याजवळ जायच्या आधी मेन बंद करायला लागले. माझ्याकडे बघायचं थांबलं. घरीही माझ्या हातांकडे बघायचे, चेहऱ्याकडे नाही. मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून भुवया आवळून बघायचे आणि आरशातली बाई थंडपणे माझ्याकडे बघत राहायची. तिचं थोबाड फोडावंसं वाटायचं.

मे महिन्यात कुंदा आली. "ताई, असर उतरत आला असेल आता. बुधवारी बाटली फोडणार आहेत, येतेस?" मी हातातलं लाटणं उगारलं. ते बघून हे हसले. लाटणं कळायला कपाळ लागत नाही.

पुढच्याच आठवड्यात गिरणीत पट्टा घसरायला लागला. गिऱ्हाइकांची घाई होती, आणि हे मेन बंद करायला विसरले. तोच अर्ध्या बोटाचा हात पुढे गेला. आणि किती दिवसांनी, कोण जाणे, जुन्या सवयीने ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

माझ्या भुवया आवळल्या गेल्या. कपाळाची कातडी गोळा होतेय, हे मला कळलं.

ह्यांचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. त्यांनी जाऊन मेन बंद केला. गिरण थांबली. गिऱ्हाइकांदेखत, पडलेल्या चेहऱ्याने ह्यांनी विचारलं, "चिडलीस का?"

मी तोंडावरचा पदर सोडला, म्हणजे ओठ दिसतील.

"हो," मी रडत म्हटलं. "चिडलेय. खूप चिडलेय."